छोट्या ड्रोनचा वेग कॅमेऱ्यानं मोजायचाय? तयार सेन्सर की स्वतःचा कोड

संभाजीनगर-लातूरकडची इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या दिवसांत हमखास विचारतात: तयार ऑप्टिकल फ्लो सेन्सर (चित्र किती सरकलं ते मोजणारा) घ्यावा, की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला कॅमेरा जोडून कोड आपणच लिहावा? मी म्हणतो, आधी उंची कशानं मोजणार ते ठरवा. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला वेग कळतच नाही. जमीन किती कोनातून सरकली, एवढंच कळतं. त्याला उंचीनं गुणायचं. सेकंदाला १ रेडियन (साधारण ५७ अंश) सरकली, उंची ३ मीटर, म्हणजे वेग सेकंदाला ३ मीटर.

हेच उभ्या सोयाबीनवर करून बघा. पीक ६० सेंटिमीटर, ड्रोन जमिनीपासून ३ मीटरवर. कॅमेऱ्याला दिसतात शेंड्याची पानं, २.४ मीटरवरची. उंची मोजणारा लेझर मात्र दोन ओळींच्या फटीतून जमिनीला लागतो आणि ३ सांगतो. वेग २५ टक्के फुगला! महागाचा कॅमेरा घेऊनही यात फरक पडत नाही.

तयार सेन्सरमध्ये पीएमडब्ल्यू ३९०१ सगळीकडे चालतो. इवलासा, ३५ बाय ३५ पिक्सेलचा. पीएक्स४ आणि आर्डूपायलट या ड्रोन उडवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरना ओळखीचा. जोडा, पॅरामीटर भरा, उडवा. एका जागी स्थिर तरंगायला एवढं पुरे. मात्र अंधाऱ्या गोदामात तो हात टेकतो, आणि आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

ते दिसणं कधी लागतं? वैशाखात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, ड्रोनची सावली बरोबर त्याच्या पोटाखाली. कमी उंचीवर ती अख्ख्या चित्राच्या मधोमध बसते आणि ड्रोनसोबतच सरकते, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी हलतच नाही. सेन्सर वेग कमी सांगतो. ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या मोफत कोड-संग्रहातली लुकास-कानाडे पद्धत (चित्रातले ठळक बिंदू फ्रेममागून फ्रेम कुठं सरकले ते शोधणारी; मूळ १९८१ची, अजूनही भक्कम) वापरून स्वतः कोड लिहिला असेल, तर सावलीच्या कडेचे बिंदू वगळता येतात. नांगरटीची ढेकळं असतील तर बिंदू मुबलक मिळतात. पावसानं चोपून बसलेल्या सपाट काळ्या रानात शोधावे लागतात.

स्वतःच्या कोडची खरी डोकेदुखी जायरो, म्हणजे ड्रोन किती वेगानं झुकतोय-फिरतोय ते सांगणारा सेन्सर. ड्रोन सेकंदाला ०.२ रेडियननं झुकला, तर जागेवर असूनही ३ मीटर उंचीवर ०.६ मीटर प्रति सेकंद असा खोटा वेग निघतो. तो वजा करायला फ्रेम आणि जायरोची वेळ तंतोतंत जुळायला हवी. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. कॅमेरा शक्यतो ग्लोबल शटरचाच (अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपणारा) घ्या, नाहीतर थरथरीत चित्र जेलीसारखं लवलवतं.

मोकळ्या शेतातच उडवायचं असेल तर दोन्हींचा नाद सोडा, जीपीएसचा वेग पुरेसा चांगला असतो. पॉलिहाऊस, शेड, कॉलेजचा हॉल अशा ठिकाणी कॅमेऱ्याला पर्याय नाही. परीक्षा तोंडावर असेल तर तयार सेन्सर. वर्ष हातात असेल आणि शिकायचं असेल तर रास्पबेरी पाय.

काहीही घेतलं तरी आकडा पडताळाच. एकमेकींपासून १० मीटरवर दोन काठ्या रोवा, लांब उभं राहून आडव्या बाजूनं मोबाईलवर सेकंदाला ६० फ्रेमनं शूट करा. ड्रोन त्याच रेषेवरून जाऊ द्या. एका काठीपासून दुसरीपर्यंत १५० फ्रेम लागल्या तर २.५ सेकंद, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद. ड्रोनच्या लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीत) ५ दिसले, तर आधी लेझर तपासा.