स्विमिंग पूलच्या पाण्याची फुकट तपासणी आणि दडवलेला एक आकडा

घरी व्हिनाइल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकच्या चादरीचं अस्तर असलेला, स्विमिंग पूल असेल आणि पाण्याची तपासणी केमिकल विकणाराच फुकटात करून देत असेल, तर सावध राहा. आम्हाला याच वाटेने लुबाडलं.

देखभालवाला नमुना घेऊन जायचा आणि रिपोर्टसोबत नवा माल आणायचा. सगळ्यात जास्त त्याने गळ्यात मारलं ते कॅल्शियम. ‘हार्डनेस कमी आहे, पाणी लायनर खाऊन टाकेल,’ असं सांगून. हे साफ खोटं. कॅल्शियम कमी असलेलं पाणी प्लास्टरमधला चुना ओढून घेतं. व्हिनाइलमध्ये तो असतोच कुठे? लायनरवर सुरकुत्या पडतात त्या पीएच बराच काळ ७ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी, राहिलं की. आणि आमचा पीएच पाडत होत्या त्याच्याच ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या, आम्लधर्मी गोळ्या! त्यावर उपाय म्हणून दिलेली ‘अल्कलिनिटी बूस्टर’ पावडर म्हणजे निव्वळ खाण्याचा सोडा.

पण खरी लबाडी वेगळीच होती. रिपोर्टवर सायन्युरिक ॲसिडची, म्हणजे स्टॅबिलायझरची, ओळच नसायची. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. ३० ते ५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पुरे. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की सोबत सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझर येतं. क्लोरीन खर्च होतं, हे मात्र साठत जातं आणि क्लोरीनचा जोर मारतं. पाणी हिरवं झालं तेव्हा त्याने ‘शॉक’, म्हणजे क्लोरीनचा मोठा डोस, दिला. तो निघाला डायक्लोर, म्हणजे त्यातही स्टॅबिलायझरच. मग शेवाळाचं खाद्य काढायचं म्हणून फॉस्फेट रिमूव्हर. शेवटी म्हणाला, लायनरच बदला.

तेव्हा मी स्टॅबिलायझर मोजायचं स्वतःचं किट आणलं. या चाचणीत नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत, रसायन घालून गढूळ झालेला नमुना ओततात; ठिपका जितका लवकर जाईल तितकं स्टॅबिलायझर जास्त. आमचा ठिपका १०० च्या खुणेआधीच गेला. निम्मं नळाचं पाणी मिसळून पाहिलं, तरी तेच. म्हणजे आकडा २०० च्या वर. त्याला विचारलं तर म्हणे, ‘व्हिनाइलला ही टेस्ट लागत नाही.’

स्टॅबिलायझर कमी करायचा भरवशाचा मार्ग म्हणजे पाणी बदलणं, तेही थोडं थोडं. पूल पूर्ण रिकामा केला तर लायनर आकसतो, जमिनीतल्या पाण्याने वर उचललाही जातो. आम्ही टप्प्याटप्प्याने पाणी बदललं आणि गोळ्या सोडून साधं द्रव सोडियम हायपोक्लोराइट सुरू केलं, पंप चालू ठेवून. पाणी निवळलं. लायनर तोच आहे, धडधाकट.

डब्यावर ‘ट्रायक्लोरो’ किंवा ‘डायक्लोरो’ लिहिलेलं असेल, तर रिपोर्टमध्ये सायन्युरिक ॲसिडचा आकडा मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढची बाटली घेऊ नका.