चालू इंजिन की सुटं इंजिन? रिबिल्ट ट्रक इंजिन घेण्याआधी

ट्रकसाठी जुनं रिबिल्ट डिझेल इंजिन शोधायला लागलं की साधारण दोन प्रकारचा माल समोर येतो. एक चालू अवस्थेतलं, गाडीत किंवा स्टँडवर बसवलेलं, सेल्फ मारला की सुरू होणारं. दुसरं सुटं, पॅलेटवर ठेवलेलं, ताजा रंग मारलेलं, सोबत कामाची फाईल. बहुतेक जण पहिल्याकडे वळतात, कारण चालताना दिसलं की मन भरतं. माझा कल मात्र अटीवर ठरतो. चालू इंजिन वरच्या भागाची खबर देतं: रिंगा, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, टर्बो. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा) आणि बेअरिंगची खबर त्यातून फार उशिरा मिळते, खालून ठोका ऐकू येईपर्यंत जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) ओरखडलेलं असतं. सुट्या इंजिनाचं बरोबर उलटं: ते चालवता येत नाही, पण चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खाली उतरवून क्रँक डोळ्यांनी पाहता येतो. आणि मोठा खर्च खालीच निघतो.

आधी 'रिबिल्ट' म्हणजे नेमकं काय केलं ते विचारून घ्या. इंजिन गाडीतच ठेवून, हेड आणि चेंबर काढून, लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगच्या वाट्या बदलणं हे एक काम. इंजिन उतरवून, क्रँक बाहेर काढून, मेन बेअरिंगची लाइन तपासून, ब्लॉक धुऊन, मोजून पुन्हा जुळवणं हे दुसरं. दोन्ही एकाच नावाने विकली जातात. पहिलं काम वाईट असतंच असं नाही. फक्त त्यात क्रँक मोजला गेलेला नसण्याची शक्यता मोठी.

चालू इंजिन पाहताना

पोहोचल्यावर पहिला हात हेडला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लावा. कोमट लागलं तर इंजिन तुमच्या येण्याआधी सुरू केलेलं आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी यावं, कारण खरं काय ते थंड स्टार्टलाच कळतं. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो आणि इंजिन तापलं की जातो. तापल्यावरही तो राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय. निळा धूर ऑइलचा. काळा धूर बहुधा इंजेक्टर, हवेची अडचण किंवा टर्बोकडे बोट दाखवतो, आणि या तिन्ही गोष्टी इंजिन न उघडता दुरुस्त होतात, म्हणून काळ्या धुराला मी सर्वात कमी घाबरतो.

मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांवरून निसटून खाली उतरणारा वायू (ब्लो-बाय). आयडलला ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थरथरलं तर चालेल, उडून पडत असेल किंवा ब्रीदरमधून (हा वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचा सतत झोत येत असेल तर रिंगा-लायनरचं काम नीट झालेलं नाही. इथे एक अपवाद आहे. नुकत्याच जुळवलेल्या इंजिनात रिंगा बसायला लोडवर चालणं लागतं, तोवर थोडा ब्लो-बाय राहतो. गंमत अशी की विक्रेता गिऱ्हाइकाला दाखवायला असं इंजिन तासन् तास रिकामं आयडलवर चालवत ठेवतो, आणि त्यानेच लायनरचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन रिंगा कधीच धड बसत नाहीत. 'काम झाल्यापासून फक्त आयडलवर चाललंय' हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं, पण ते ऐकून किंमत खाली मागा.

कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे घ्या, पण एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइल प्रेशर गरम इंजिनावर, आयडलला वाचा. थंड इंजिनावरचं प्रेशर कोणालाही छान दाखवता येतं. गरम आयडलला १ बारच्या आसपास आणि वेग वाढवल्यावर ३ बारच्या वर, हा ढोबळ अंदाज. खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला. जाड ऑइल किंवा घट्ट करणारं औषध घालून हे प्रेशर वर ओढता येतं, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घेऊन पाहा.

चालू इंजिनाच्या खालच्या भागाचा एकच बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार म्हणजे ऑइल फिल्टर. तो काढून कापा, कागदाच्या घड्या पिळून उजेडात पसरा. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा, म्हणजे बहुधा लायनर, रिंगा किंवा गिअर. न चिकटणारी तांबूस चमक असेल तर ती बहुधा बेअरिंगची किंवा बुशची. फिल्टर कालच बदललेला निघाला तर जुना कुठे आहे ते विचारा.

सुटं इंजिन पाहताना

फ्लायव्हीलला बार लावून हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेवढ्यात प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक येतो. सगळे सारखे जड लागले पाहिजेत. मध्येच अडकलं तर जोर करू नका. पोर्ट उघडे ठेवून पडून राहिलेल्या इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो तिथे दमट हवा शिरते आणि लायनरला गंज धरतो. इनटेक-एक्झॉस्टची तोंडं झाकलेली आहेत का, यावरून ठेवणाऱ्याची वृत्ती कळते.

मग ड्रेन प्लग हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. ओल्या लायनरच्या (ज्याला बाहेरून कूलंट थेट लागतं अशा) इंजिनात खालच्या ओ-रिंगांतून किंवा कॅव्हिटेशनने (कूलंटमधले बुडबुडे फुटून) लायनरला पडलेल्या बारीक छिद्रांतून कूलंट असं चेंबरमध्ये उतरतं. ऑइल नवं आणि प्लग कोरडा असेल तर ही चाचणी काहीच सांगत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट: विक्रेता चेंबर उतरवून एक बिगएंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) आणि एक मेन (क्रँक ब्लॉकला धरणारी) कॅप उघडू देणार का? देणार असेल तर कोणती कॅप ते तुम्ही निवडा, त्याने नव्हे. वाटीच्या पाठीवर साइझ कोरलेली असते: स्टँडर्ड, ०.२५ किंवा ०.५० मिमी. क्रँक किती ग्राइंड झालाय ते तिथेच वाचता येतं, आणि फाईलमधल्या आकड्याशी ते जुळलं पाहिजे. वाटीचा करडा थर जाऊन तांबं दिसत असेल तर 'नवं' बेअरिंग नवं नाही. जर्नलवरून नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर पुन्हा ग्राइंडिंग. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) असेल तर ग्राइंडिंगनंतर पुन्हा कडक केला का, हे विचारावंच लागतं, कारण तो कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. कॅपचे बोल्ट एकदाच वापरायच्या जातीचे असतील तर परत बसवताना नवे घाला, हा खर्च तुम्ही उचला. विक्रेता लगेच मऊ होतो.

फाईलमध्ये बिलांपेक्षा मोजमापाचा कागद शोधा. सुट्या भागांचं बिल भाग विकत घेतल्याचा पुरावा आहे. जर्नलचे माप, लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे, क्रँकची चुंबकीय तडा-तपासणी, हे लिहिलेलं असेल तर कोणीतरी खरंच मोजलंय.

टर्बो दोन्हींत सारखाच तपासायचा: शाफ्ट किंचित बाजूला हलला तर ठीक, पुढे-मागे हललेला जाणवू नये, चाक केसिंगला घासू नये.

मग कोणतं?

चेंबर उघडू दिला आणि मापं जुळली तर मी सुटं घेईन, चालू इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. उघडू देत नसेल तर सुटं इंजिन म्हणजे नुसता रंग आहे. तिथे चालू इंजिन आणि कापलेला फिल्टर बरा. गाडी उभी आहे, काम थांबलंय, तपासायला जाणता मेकॅनिक सोबत नाही, अशा वेळीही चालूच घ्या.

इलेक्ट्रॉनिक कॉमन-रेल इंजिन असेल तर मात्र पारडं चालूकडे झुकतं. सुट्या इंजिनासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग आणि सेन्सर येतात का, इंजेक्टरचे कोड ईसीयूत भरता येतील का, याची उत्तरं पॅलेटवर मिळत नाहीत. आणि प्रकार कोणताही असो, ब्लॉकवरचा इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहा. रंगाच्या जाड थराखाली नंबर बुजला असेल तर तो खरवडून वाचल्याशिवाय इसार देऊ नका.