डबेवाल्यांची सर्व्हिस : माझा रिव्ह्यू, खास करून नवीन पोरांबद्दल

अंधेरी पूर्वेहून चर्चगेटच्या ऑफिसला माझा घरचा डबा डबेवाल्यांकडून येतो, बऱ्याच वर्षांपासून. सर्व्हिसबद्दल नवीन काय सांगणार, वेळेत येतो, गरम म्हणावा असा येतो, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी पोचलेला असतो. १८९० पासून हे काम चालू आहे, २००३ मधे प्रिन्स चार्ल्स येऊन भेटून गेले, हार्वर्डवाल्यांनी केस स्टडी केली, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण या मंडळींची जी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, ती म्हणजे नवीन आलेल्या पोराला ते कसं सांभाळून घेतात.

आमच्या लाइनवर मधे एक नवीन मुलगा आला, जुन्नरकडचा, विशीतला असेल. पहिले काही दिवस तो एकटा कधी दिसलाच नाही. सोबत जुने काका असायचे, बिल्डिंगमधे शिरताना काका पुढे, मग थोड्या दिवसांनी पोरगा पुढे आणि काका खाली गेटपाशी सायकल धरून उभे, आणि मग एक दिवस बघितलं तर पोरगा एकटाच बेल वाजवतोय आणि काका समोरच्या सोसायटीतले डबे घेतायत, म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. त्याला वाटायला नको की आपल्याला सोडून दिलंय आणि असंही वाटायला नको की आपल्यावर पाळत आहे. हे इतकं बरोबर जमवलंय त्यांनी की मला खरंच कौतुक वाटलं.

आता कोणी म्हणेल डबा उचलायला काय शिकायचंय. अहो खूप आहे. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात, कुठून आला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, तिथे कोणी न्यायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, सगळं त्या खुणांमधे. एक डबा जाता-येता अनेक हातांतून जातो. आणि लोकल स्टेशनात थांबते जेमतेम अर्धा मिनिट, तेवढ्यात लगेजच्या डब्यात ते लांबलचक लाकडी ट्रे चढवायचे, एकेका ट्रेमधे तीस-चाळीस डबे, डोक्यावर साठेक किलो वजन आणि समोरून पब्लिकचा लोंढा. नवीन माणूस तिथे गोंधळणारच. म्हणून सुरुवातीला त्याला ट्रेपाशी एकटा ठेवत नाहीत, त्याच्या दोन्ही बाजूला जुने हात असतात, हे मी प्लॅटफॉर्मवर स्वतः बघितलंय.

चर्चगेटला बाहेर फुटपाथवर डबे वेगळे करायचं काम चालतं तिथे मी कधीकधी मुद्दाम थांबतो. एकदा ट्रे उतरवून झाल्यावर मुकादम त्या पोराला सगळ्यांसमोर म्हणाले, "आज दादरला कोणी न सांगता तू ट्रेचं मागचं टोक धरलंस ना, त्यामुळे गाडी सुटायच्या आत सगळं आत आलं. ध्यानात ठेवलंय मी." बस, एवढंच. पोराचा चेहरा बघायला हवा होता. नुसतं शाब्बास म्हणून पाठ थोपटली असती तर त्याला कळलं नसतं की नेमकं काय चांगलं केलं. इथे त्याला कळलं, आणि बाकीच्यांनाही कळलं की हा आता आपल्यातला झाला. आणि खोटं कौतुक नाही हां, चुकीच्या ढिगात डबा ठेवला तेव्हा त्याच मुकादमांनी त्याला बाजूला घेऊन खूण परत वाचायला लावली, चारचौघात नाही. कौतुक सगळ्यांदेखत आणि चूक बाजूला घेऊन, हे मोठमोठ्या ऑफिसातल्या साहेबांना जमत नाही, मी नोकरीत उलटंच जास्त बघितलंय.

मला वाटतं याचं कारण त्यांच्या रचनेतच आहे. वीस-पंचवीस जणांचा ग्रुप, वर एक मुकादम, आणि तोही जुना डबेवालाच. नवीन माणसाला आधी ठरलेला पगार, मग तो भागीदार होतो आणि कमाईत वाटेकरी, कोणी कोणाचा नोकर नाही. ग्रुपमधे दोन-तीन माणसं जादा ठेवतात, कोणी आजारी पडलं, कोणाला उशीर झाला की ती लगेच उभी राहतात, म्हणून नवीन पोराच्या एका चुकीने सगळं कोसळत नाही आणि त्यामुळे त्याला शांतपणे शिकता येतं. आणि बहुतेक सगळे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले, घरात माळ आणि वारी असलेली माणसं, एकमेकांना माऊली म्हणणारी. नवीन येणारा कोणाचा तरी पुतण्या भाचा असतो, त्याची जबाबदारी सगळ्यांनाच आपली वाटते.

कमी काय ते पण सांगतो. डबा ठरल्या वेळेला दारात तयार पाहिजे, ते थांबत नाहीत, कारण पुढची लोकल थांबत नाही. पावसात ट्रॅकवर पाणी भरलं की उशीर होतो. आणि गावच्या जत्रांसाठी एप्रिलच्या आसपास चार-पाच दिवस सर्व्हिस बंद असते, त्याची सोय आधीच करून ठेवा. कोविडनंतर खूप जणांनी हे काम सोडलं, त्यामुळे प्रत्येक एरियात लगेच माणूस मिळेलच असं नाही, आणि म्हणूनच आत्ता जो नवीन पोरगा या कामात येतोय तो टिकणं फार महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हिस लावायची असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला तुमच्या स्टेशनबाहेर जिथे डबे लावत असतात तिथे मुकादमांना विचारा, पैसे अंतराप्रमाणे महिन्याला ठरतात, पण तेव्हा ते घाईत असतात हे लक्षात ठेवून थोडक्यात बोला. आणि तुमच्या लाइनवर नवीन मुलगा आला असेल, काम चांगलं करत असेल, तर त्याला थँक्यू म्हणाच पण मुकादमांनाही त्याचं नाव घेऊन सांगा की अमुक दिवशी त्याने अमुक केलं. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.