बाळाचे ठोके: पट्ट्याचे सीटीजी की हातातला डॉपलर?

तालुक्याच्या गावी नवे प्रसूतिगृह काढणारे सहकारी विचारतात, लेबर रूमसाठी सीटीजी (पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आणि कळांचा सलग आलेख काढणारे यंत्र) घ्यावे की डॉपलरवर (पोटावर टेकवून ठोके ऐकायचे हातातले छोटे यंत्र) भागवावे? तासगावात आम्ही दोन्ही वापरतो. माझा कल मात्र आता डॉपलरकडे झुकला आहे.

मुळात यांपैकी एकही साधन बाळाचा ऑक्सिजन मोजत नाही. ठोक्यांच्या चढउतारावरून आपण त्याचा अंदाज बांधतो. बाळाच्या गालाशी सेन्सर टेकवून तो थेट मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला, पण ५००० हून अधिक स्त्रियांवरील २००६ च्या चाचणीत त्यामुळे सिझर कमी झाले नाहीत आणि तो मार्ग मागे पडला.

सीटीजीची बाजू अगदीच लंगडी नाही. सलग आलेखामुळे नवजाताला झटके येण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. मात्र बाळमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे अपंगत्व) घटल्याचे दिसत नाही, आणि सिझर वाढतात.

मला खटकला तो पट्टा. कळ आली की बाई कूस बदलते, पट्टा सरकतो, ठोके हरवतात आणि कागदावर तुटक रेघा उमटतात. मग सिस्टर पुन्हा जेली लावून पट्टा आवळते आणि ‘ताई, जरा उताणं पडून राहा’ अशी विनवणी करते. उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पाठीलगतच्या मोठ्या शिरेवर येऊन बाळाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते, म्हणजे ज्या ऑक्सिजनच्या काळजीपोटी पट्टा बांधला, त्यालाच आपण खीळ घालतो. हे वारंवार पाहून माझे मन पट्ट्यावरून उडाले.

डॉपलर मात्र बाई डाव्या कुशीवर असो वा खाटेचा कठडा धरून उभी असो, तिच्यापाशी नेता येतो. शिस्त तेवढी हवी: बाळंतपणाच्या पहिल्या टप्प्यात (गर्भाशयाचे तोंड उघडत असताना) दर १५ ते ३० मिनिटांनी, दुसऱ्यात (तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत) दर ५ मिनिटांनी, किमान एक मिनिट आणि कळ ओसरल्यावरही अर्धा मिनिट ऐकावे, कारण उशिरा मंदावणारे ठोके तिथेच सापडतात. आमच्या सिस्टर दुसऱ्या हाताने आईची नाडी धरतात, म्हणजे तिचेच ठोके बाळाचे म्हणून नोंदले जात नाहीत. रात्री एकच सिस्टर आणि दोघी कळांत असतील, तर हे निभणे कठीण आहे.

कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे ड्रिप, हिरवे पाणी (बाळाने पोटातच शी केल्याने हिरवे झालेले गर्भजल), आधीचे सिझर किंवा वाढ खुंटलेले बाळ असेल, तर मीही पट्टाच बांधते. निरोगी स्त्रीची कळ आपणहून सुरू झाली असेल, तर सलग सीटीजीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये केलेली नाही.

पैसे मोजकेच असतील तर मला वाटते, आधी दोन चांगले डॉपलर घ्यावेत आणि रात्रपाळीला एक सिस्टर वाढवावी. सीटीजी पुढे घेता येईल; तोवर जोखमीची बाळंतपणे वेळीच मिरजेला पाठवावीत.