आरोग्य निधीच्या हिशोबाचं ट्रेनिंग: मॅडम एक नंबर, पण बोलवायची माणसंच बोलावली नाहीत

कोल्हापुरात शाहूपुरीत एका प्रायव्हेट संस्थेनं दोन दिवसाचं ट्रेनिंग घेतलं, एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) निधी कसा हाताळायचा यावर, तालुक्याचे आणि पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) अकाउंटंट लोक होते. संस्थेचं नाव घालत नाही, गेलेत त्यांना कळेलच.

शिकवणाऱ्या मॅडम लय भारी. पीपीटी वाचत बसल्या नाहीत, सरळ पीएफएमएस, म्हणजे सरकारी पेमेंटचं पोर्टल, उघडलं. २०२१ ला एसएनए खातं (योजनेचे पैसे राज्याच्या एकाच खात्यात) आल्यापासनं आपल्या झिरो बॅलन्स खात्यात पैसे येत नाहीत, नुसती खर्चाची लिमिट पडते, हे आता सगळ्यांना पाठ आहे ओ, पण लिमिट असून पेमेंट का अडकतंय, मेकरनं (एंट्री करणाऱ्यानं) टाकलेलं चेकरकडं (तपासून मंजूर करणाऱ्याकडं) जाऊन का बसलंय, व्हेंडरचं खातं व्हॅलिडेट झालंय का, हे त्यांनी अडकलेल्या एंट्र्या घेऊन दाखवलं. यूसीचं (पैसे खर्च झाल्याच्या दाखल्याचं) सेशन तर सगळ्यात कामाचं. गावच्या आरोग्य समितीला वर्षाचे दहा हजार सोडले की झाला खर्च असं धरून यूसी लावतात, पण तो ॲडव्हान्स, बिलं आणि खर्चाचं विवरण येईपर्यंत खर्च नाहीच. ऑडिटर पहिलं तिथंच बोट ठेवतो.

आता तक्रार. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सचिव सीएचओ (उपकेंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी), पैसे कशाला घालायचे ते ही मंडळी मीटिंगमध्ये ठरवणार, आणि हॉलमध्ये ना सीएचओ ना सरपंच, मेडिकल ऑफिसर पण नाहीत! मग ठराव फेब्रुवारीपर्यंत होतच नाही आणि मार्चला फिनाईल, खुर्च्या, फ्लेक्स यांची एकदम खरेदी. अकाउंटंटला बटणं शिकवून त्यात काय फरक पडणार सांगा. पंधराव्या वित्त आयोगाचा आरोग्य निधी पण घाईत उरकला, देशभरात २०२१ ते २६ साठी ७० हजार कोटींच्या वर रक्कम आहे ती, उपकेंद्राच्या इमारती, तपासण्यांची सोय अशी कामं ठरवून दिलेली आणि हिशोब एनएचएमपेक्षा वेगळा ठेवायचा, त्याला एक अख्खं सेशन पाहिजे होतं.

जेवण ठीक, पांढरा रस्सा पातळ. पार्किंगच्या नावानं बोंब.

५ पैकी साडेतीन. चंदगड, गगनबावड्याकडच्यांनी आदल्या रात्रीच या, हजेरी सकाळी लवकर घेतात. डीएससीचा (डिजिटल सहीचा) डोंगल आणि पेंडिंग पेमेंटची यादी न्या, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मॅडम एकेकाचं बघून देतात.