वांगासाठी मायक्रोनीडलिंग: ऑक्टोबर ते मे, आठ महिन्यांच्या वापरानंतर

गालांवर आणि वरच्या ओठावर पसरलेल्या वांगासाठी चार सेशन मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचण्याचा उपचार), सोबत रात्रीचं क्रीम आणि सनस्क्रीन, असा हा वापर. फरक पडतो, डाग बरेच फिके होतात. पण सुयांचा नंबर तिसरा. सनस्क्रीन आणि क्रीम धड नसेल तर सेशनचे पैसे पाण्यात जातात.

सनस्क्रीन रंगाचं, म्हणजे टिंट असलेलंच घ्या. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडतो. वांग त्यानेही गडद होतात आणि बिनरंगाचं एसपीएफ ५० तिथे कमी पडतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लावायचं, उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. ५० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. घाम रुमालाने टिपायचा, घासायचा नाही. घासलं की सनस्क्रीन जातं आणि डागही चिडतात. चुलीची धगसुद्धा वांगाला सोसत नाही, त्यामुळे भाकरी करताना तोंड जाळापासून जमेल तितकं लांब ठेवा.

रात्रीच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. मटारएवढं, फक्त रात्री, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. डॉक्टर साधारण ८ ते १२ आठवडे देतात आणि मग थांबवतात. खरं नुकसान होतं ते इथेच. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय तीच ट्यूब वर्षभर आणली जाते, कारण सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ पडते, लाली येते, लव वाढते, पुटकुळ्या उठतात आणि क्रीम सोडलं की आग होते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर-काळे डाग पडू शकतात, ते वांगापेक्षाही हट्टी. त्रिकूट थांबल्यावर २० टक्के अझेलेइक ॲसिड लांबवर चालवता येतं. गरोदरपणातही डॉक्टर तेच निवडतात.

आता सुया. सेशनच्या ५ ते ७ दिवस आधी ट्रेटिनॉइन बंद. पिकलेल्या पुटकुळ्या किंवा ओठावर नागीण असेल तर तारीख पुढे ढकला. जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण वाढायची सवय असेल तर हा उपचार नकोच. बधिरतेचं क्रीम पाऊण तास ठेवून पूर्ण पुसतात. वांगासाठी खोली ०.५ ते १ मिलिमीटर पुरते. कपाळावर आणि ओठावर कमीच. सुयांच्या रोलरपेक्षा सुयांचं पेनसारखं यंत्र बरं, कारण रोलरच्या सुया तिरप्या घुसतात आणि कातडी ओढतात. पेनच्या सुयांचं कार्ट्रिज तुमच्यासमोर फोडलेलंच हवं. वरून डाग फिके करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडचं निर्जंतुक द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. दुकानातलं व्हिटॅमिन सी सीरम मात्र सुयांवरून घालू देऊ नका. त्यातला सुगंध आणि टिकाऊपणाची रसायनं आत गेली तर गाठी येऊ शकतात.

त्वचा लालसर झाली, फार तर रक्ताचे बारीक टिपके दिसले, की थांबायचं. जास्त रक्त म्हणजे जास्त गुण, हा समज आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला महागात पडतो: इजा झालेल्या जागी नवा काळा डाग उठतो. घरी रोलर फिरवण्यात नेमकं हेच होतं. सेशननंतर एक दिवस साबण नाही, फक्त साधं मॉइश्चरायझर. दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन. रात्रीचं क्रीम ४-५ दिवसांनी. लाली एक ते तीन दिवस राहते. दोन सेशनमध्ये चार आठवडे.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोळी, २५० मिलिग्रॅम दोन वेळा, चालते चांगली, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रक्ताची गाठ किंवा लकवा झालेल्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी ही टाळावी. त्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही वांग वाढतात, तेव्हा डॉक्टरांना त्या आधी सांगा. लेझर सर्वात शेवटी. त्याने डाग उलटून गडद होऊ शकतात, कधी पांढरे ठिपके पडतात.

मराठवाड्यात वेळ चुकली की सगळं चुकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुयांचा हंगाम, पण कापूस वेचणीही तेव्हाच. शेतात जाणाऱ्या बाईने दोन वेचण्यांच्या मधली तारीख धरावी आणि सेशननंतर निदान तीन-चार दिवस रानात जाऊ नये. हे जमणार नसेल तर त्या वर्षी फक्त क्रीम आणि सनस्क्रीन. मार्चनंतर नवं सेशन नको. परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर गेला की ताजी टोचलेली कातडी टिकत नाही.

या वापरात फेब्रुवारीत डाग सर्वात फिके होते. मेमध्ये गालांवर थोडे परतले, ओठावर नाही. फोटो दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, सकाळी, पावडर न लावता काढा. आरशात रोज पाहून फरक कळत नाही.