आसो नाकादाके, क्युशू (जपान) : जिवंत ज्वालामुखीवरचा ट्रेक (४/५)

पहिलीच गोष्ट, इथे यायचं तर एक दिवस जास्तीचा ठेवून या, कारण विवर बघायला मिळणार की नाही ते वारा ठरवतो, तुमचं बुकिंग नाही. "एवढ्या लांबून गेलो आणि बंद होतं" म्हणून एक स्टार देणारे बरेच दिसतात, मला ते अजिबात पटत नाही. बंद करतात म्हणूनच तर मी तिथे बिनधास्त जाऊ शकतो.

कुमामोतोवरून होही लाइनच्या ट्रेनने आसो स्टेशन, तिथून बसने वर आसो सानजो टर्मिनल, पुढे विवरापर्यंत शटल. पूर्वी रोपवे होता पण २०१६ च्या भूकंपानंतर तो गेला, आता बस किंवा स्वतःची गाडी. वर कठड्याशी उभं राहिलं की खाली हिरवट निळं वाफाळतं तळं, आणि हे तळं नुसतं फोटोपुरतं नाहीये, पाणी आटायला लागलं की खालची हालचाल वाढतेय असा अंदाज बांधतात.

खरा धोका दगडांपेक्षा गॅसचा. सल्फर डायऑक्साइड. १९८९ ते १९९७ मध्ये इथे गॅसमुळे सात पर्यटक गेले, त्यानंतर मोजमाप एकदम कडक झालं. आता सतत मीटर चालू असतात, वारा फिरला आणि आकडा वाढला की अनाउन्समेंट होते आणि सगळ्यांना खाली काढतात, कधी थोड्या वेळात परत उघडतं तर कधी दिवसभर नाही. दमा, ब्राँकायटिस किंवा हार्टचा त्रास असेल तर जायचंच नाही, तसे बोर्डच लावलेत, "इनहेलर आहे ना खिशात" हे लॉजिक इथे चालत नाही. आणि आपला साधा सर्जिकल मास्क या गॅसला अडवत नाही, त्यापेक्षा ओला नॅपकिन नाकातोंडावर धरा आणि वारा जिकडून येतोय तिकडे सरका.

कडेला काँक्रीटचे जाड शेल्टर दिसतील. १९५८ च्या स्फोटात बारा जण गेले, त्यानंतर ते बांधायला घेतले. लोक त्यांच्यासमोर सेल्फी काढतात, ठीक आहे काढा, पण आपल्याला सगळ्यात जवळचा कुठला ते आधी बघून ठेवा.

आता लेव्हलचं. जपानच्या हवामान खात्याची ज्वालामुखीच्या धोक्याची १ ते ५ लेव्हल असते, २ झाली की विवरापासून साधारण एक किलोमीटर बंद. २० ऑक्टोबर २०२१ ला इथे मोठा स्फोट झाला, गरम राख आणि गॅसचा लोट किलोमीटरभर खाली आला, पण लेव्हल आधीच २ वर नेलेली असल्यामुळे विवरापाशी कोणी नव्हतं. उलट ओन्ताके या जपानमधल्याच दुसऱ्या ज्वालामुखीवर स्फोट झाला तेव्हा, २७ सप्टेंबर २०१४ ला, लेव्हल १ होती, शनिवार, दुपारचे बारा वाजत आलेले, शिखरावर गर्दी, ५८ मृत आणि ५ जण सापडलेच नाहीत. म्हणजे १ चा अर्थ "काही होणार नाही" असा नाही, म्हणून लेव्हल १ असली तरी वरच्या ट्रेकला माझ्या डोक्यावर हेल्मेट असतंच, कोणी हसलं तर हसू दे.

ट्रेक सुनासेनरीवरून. आधी काळ्या वाळूचं सपाट मैदान, त्यावर लाकडी वाट, मग एकदम घसाऱ्याचा चढ. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गार झालाय, इथे पायाखालचा मुरूम ताजा आहे आणि भरवशाचा नाही, त्यामुळे उतरताना जपून. नाकादाके १५०६ मीटर, पुढे ताकादाके १५९२, वरून विवर मागच्या बाजूने दिसतं आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते, माझ्यासाठी पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात भारी भाग हाच. चार-पाच तास धरा, सावली नाही, पाणी नाही, धुकं आलं तर परत फिरा. गॅसमुळे विवर बंद असेल तर ही वाटही बंद.

तेव्हा काय करायचं? कुसासेनरीच्या कुरणावरून किशिमादाके चढा, सोपा आहे, पायऱ्या आहेत आणि समोर धूर ओकणारं नाकादाके लांबून छान दिसतं. जवळच ज्वालामुखीचं म्युझियमपण आहे. एका मित्राला कुठल्यातरी एजंटने "क्रेटर गॅरंटीड" म्हणून पॅकेज विकलं होतं, असली गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका. सकाळी निघताना आसोच्या विवराच्या वेबसाइटवर उघडंय की बंद ते बघा, इंग्लिशमध्ये पण असतं.

खायला तिकडे आकाउशी बीफचा बोलबाला. व्हेज मंडळींनी इकिनारी दांगो शोधा, रताळं आणि लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण पिठात भरून वाफवलेलं, उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊच.

एक स्टार कापला तो बसमुळे. फेऱ्या कमी आहेत आणि शेवटची बस लवकर सुटते, तिचा टाइम चढायच्या आधी बघून घ्या.